जंतूंना औषधाची ‘सवय’ होते का?

विचारणा : हिवतापाच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. ‘जंतूंना क्लोरोक्वीनची सवय झाली’ असं लिहावं का? ‘प्रतिकारशक्ती’ लिहिलं की वाचणाऱ्याला ती माणसाची वाटते.

प्रतिसाद : ‘प्रतिकारशक्ती’बद्दल सहमत. पण ‘सवय’ही कृपया नको. सवय एकेकाला लागते. इथे एकही जंतू सरावत नाही. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या सातव्या गुणसूत्रावर पीएफसीआरटी हे जनुक आहे. त्यातल्या बदलाने प्रथिनात ७६व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन येतं. (सोबत आणखी बदल लागतात, पण ओळखीची खूण हीच.) परजीवी ज्या रिक्तिकेत (पेशीतल्या पिशवीत) हिमोग्लोबिन पचवतो, तिथेच क्लोरोक्वीन साठून त्याला मारतं. बदललेलं प्रथिन ते औषध बाहेर काढतं. गोळीने बाकीचे मरतात, हे तगतात आणि डासावाटे यांचाच वंश पुढे जातो. म्हणून ‘औषधरोध’, परजीवी ‘औषधरोधी’.

विचारणा : पण आफ्रिकेतल्या मलावी देशात १९९३ साली क्लोरोक्वीन थांबवलं आणि काही वर्षांनी ते पुन्हा लागू पडू लागलं. ही सवय सुटणंच ना?

प्रतिसाद : उलट, ‘सवय’ का चुकते ते इथेच दिसतं. रोधी परजीवी सुधारले नाहीत. औषधाचा मारा थांबल्यावर बदल अंगी असणं फायद्याचं राहिलं नाही, आणि मूळ जनुक असलेले, मागे पडलेले परजीवी पुन्हा फैलावले. ‘रोधी परजीवींचं प्रमाण घटलं’ असं लिहा.

आणखी एक प्रतिसाद : दवाखान्यात आम्ही ‘ताप गोळीला दाद देत नाही’ म्हणतो. सुंदर मराठी आहे, टाकू नका. मात्र ते रुग्णाबद्दल. गोळी उलटून पडली, डोस अर्धवट राहिला, तरी ताप दाद देत नाही; त्यावरून परजीवी रोधी ठरत नाही.

प्रतिसाद : अगदी बरोबर. आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या दुसऱ्या औषधाबाबत तर जास्तच जपावं लागतं. पश्चिम कंबोडियात केल्च१३ जनुकात बदल झालेले परजीवी सापडले. त्याच्या प्रथिनात ५८०व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन. त्यांच्या कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्था औषधातून वाचतात, त्यामुळे रक्त साफ व्हायला वेळ लागतो. आर्टेमिसिनिनसोबत दिलेलं जोडीचं औषध चालत असेल तर रुग्ण बराही होतो. तिथे नुसतं ‘रोध’ लिहिलं तर औषध निकामी झालं असं वाटून लोक गोळ्या सोडतील. ‘अंशतः रोध’ लिहा, आणि पत्रकात जागा असेल तर ‘परजीवी उशिरा मरतात’ हेही.