अशोकाची साल म्हणून आपण नक्की काय उकळतो? डीएनए चाचणी सक्तीची हवी का?

रानजाई:
गेल्या महिन्यात बहिणीसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून पाव किलो अशोकसाल आणली. पाळीत अंगावरून फार जातं, म्हणून वैद्यांनी काढा सांगितला होता. वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे पुडी सोडून आधी तुकडे उन्हात धरले. खऱ्या सालीवर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात, आतून ती लालसर तपकिरी दिसते. यातले निम्मे तुकडे वेगळेच. सोसायटीच्या कुंपणाला ताठ उभा असतो त्या आसुपालवाचे असावेत, असा दाट संशय आला. लोक दोन्हींना अशोकच म्हणतात. पण खरा अशोक शेंगांच्या कुळातला, केशरी फुलांच्या गुच्छांचा. आसुपालव सीताफळाच्या कुळातला.

नुसत्या संशयावर दुकानदाराशी काय भांडणार? काढा केलाच नाही. म्हणून म्हणते, डीएनए बारकोडिंग सक्तीचं करा. सालीतल्या डीएनएचा आयटीएस२ सारखा छोटासा भाग वाचायचा आणि खात्रीच्या झाडाच्या नमुन्याशी ताडून बघायचा. एवढ्या लांबच्या कुळांतली झाडं त्यात लगेच वेगळी पडतात.

तिसरी पिढी:
ताई, आमचं दुकान आजोबांपासूनचं आहे. भेसळ होते हे मी नाकारत नाही. पण बाटलीतल्या अशोकारिष्टाचं काय करणार? साल तासन्‌तास उकळून तिचा काढा, मग गूळ, धायटीची फुलं, आंबवणं. अशोकाच्या डीएनएचे त्यात तुकडे तुकडे झालेले असतात. सापडला तर धायटीचा सापडेल, अशोकाचा नाही. मग माल खोटा ठरवायचा?

न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली हेच झालं. तिथल्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, चार मोठ्या दुकानसाखळ्यांच्या वनौषधी गोळ्यांची डीएनए चाचणी करून, लेबलवरची वनस्पतीच आत नाही म्हणून त्यांना नोटिसा धाडल्या. त्यातल्या बऱ्याच गोळ्या अर्काच्या होत्या, आणि अर्कात डीएनए टिकतोच असं नाही, म्हणून शास्त्रज्ञांनीच आक्षेप घेतले.

वैद्य, सातारा:
मला वेगळीच भीती वाटते. डीएनए झाड ओळखतो, अवयव नाही. अश्वगंधेचं मूळ आणि पान, दोन्हींत डीएनए एकच. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना मूळच वापरा, पानं नकोत, असं बजावलं. का बजावावं लागलं? पानं स्वस्त पडतात. बारकोड अशा मालालाही ‘अस्सल’ म्हणेल. तिथे एचपीटीएलसीसारखी रासायनिक तपासणी आणि सूक्ष्मदर्शकच लागतो. शंखपुष्पीचं तर आणखी अवघड. त्या नावाने निरनिराळ्या भागांत तीन-चार वनस्पती वापरतात, त्यात गोकर्णही आली. नमुना म्हणून कुणाला उभं करणार?

रानजाई:
बाटलीचा मुद्दा मान्य, मागे घेते. चाचणी गोणीवर करा, कारखान्याच्या दारात, साल कढईत पडायच्या आधी. तिथे डीएनए शाबूत असतो. अवयवासाठी सूक्ष्मदर्शक हवाच. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

पण वैद्यबुवा, शंखपुष्पी हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा आहे. कुठली वापरली ते शास्त्रीय नावानिशी लेबलवर येऊ द्या. नावाच्या गोंधळाने काय होतं ते १९९० च्या दशकात बेल्जियमने पाहिलंय. वजन कमी करायच्या गोळ्यांत ‘हान फांग जी’ या चिनी औषधी वनस्पतीऐवजी ‘ग्वांग फांग जी’ गेली. नावं जवळची, पण दुसरी ॲरिस्टोलोकिया या मूत्रपिंडाला घातक प्रजातीतली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना कॅन्सरही झाला. आसुपालवाने असं काही होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या बाईला औषधच मिळत नाही, तिचा त्रास तसाच राहतो ना?

तिसरी पिढी:
गोणीवर असेल तर माझी हरकत नाही. पण खर्च कोण सोसणार ते आत्ताच ठरवा. नियम आला की कारखाना तो व्यापाऱ्याच्या माथी मारतो, व्यापारी दर पाडून साल आणणाऱ्याच्या. आणि खरा अशोक आता उरलाय किती? आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, धोक्यातल्या झाडांत आहे तो. खोड सोलून साल काढतात, झाड वाळून जातं. उद्या प्रत्येक गोण खरीच हवी म्हटलंत, तर ती कुठल्या रानातून आणू, ताई?