पोलादी फ्रेमचे .32 पिस्तूल ठेवावे की हलके नवे घ्यावे?

जांबोटीकर

वडिलांकडे ‘एफएन ब्राउनिंग 1910’ हे .32 बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा व्यास, इथे इंचात), संपूर्ण पोलादी बांधणीचे पिस्तूल आहे. त्यांनी नुकतीच सत्तरी पूर्ण केली असल्याने शस्त्र नियम 2016 मधील वारसाच्या तरतुदीप्रमाणे मी परवान्यासाठी अर्ज करणार आहे. आमचे घर जांबोटीच्या पुढे, रानाला लागून, वस्तीपासून दूर आहे आणि जून ते सप्टेंबर तिथे कपडेसुद्धा धड वाळत नाहीत. मार्च 2024 मध्ये आचारसंहिता लागल्यावर पिस्तूल ठाण्यात जमा केले होते. जूनच्या मध्यास ते परत मिळाले तेव्हा स्लाइडच्या (वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) डाव्या अंगाला नखाएवढा तांबूस डाग पडलेला होता. ते पाहून वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. हे पिस्तूल रीतसर विकून हलक्या फ्रेमचे (सांगाड्याचे) नवे देशी पिस्तूल घ्यावे, असे काही जण सुचवतात. ज्यांनी पोलादी पिस्तूल वर्षानुवर्षे बाळगले आहे त्यांचे मत हवे आहे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव

विकू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. सेवेत असताना मी ईशापूरच्या शस्त्र कारखान्याचे 9 मिमी ‘1ए’ पिस्तूल वापरले. तेही पोलादीच, ब्राउनिंगच्याच घडणीचे. मात्र तो बोअर प्रतिबंधित असल्याने नागरिकांना मिळत नाही. निवृत्तीनंतर मी .32 घेतले आणि तेव्हा फ्रेमच्या वजनाचे मोल अधिक कळले.

1910 मध्ये नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेली नसतात. बार उडाला की स्लाइडला मागे जाण्यापासून रोखायला तिचे स्वतःचे वजन आणि नळीभोवती गुंडाळलेली स्प्रिंग एवढेच असते. त्यामुळे काडतूस लहान असूनही हाताला बसणारा झटका कोरडा आणि टोकदार असतो, आणि फ्रेम जितकी हलकी तितका तो अधिक जाणवतो. पोलाद हलक्या फ्रेमच्या ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असते. तेच वजन इथे मुठीला स्थिर ठेवते आणि दुसरी गोळी पहिल्याच्या जवळ लागते. शिवाय तुमचे पिस्तूल सुमारे 600 ग्रॅमचे आहे. हे काही ओझे नव्हे.

मात्र एवढ्या जुन्या शस्त्राच्या स्प्रिंगांवर विश्वास ठेवू नका. या पिस्तुलात बाहेर घोडा (हॅमर) नसतो, आत स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारा दांडा, असतो, आणि तो ताणलेल्या स्थितीत ठेवण्याची सवय असेल तर त्याची स्प्रिंग ढिली पडते. परवानाधारक कारागिराकडून दोन्ही स्प्रिंगा बदलून घ्या.

निपाणीचा व्यापारी

सुभेदारसाहेबांचा मान राखून थोडे वेगळे मांडतो. घरात ठेवायच्या शस्त्राला जे लागू होते, ते रोज कमरेला लावायच्या शस्त्राला लागू होतेच असे नाही. तंबाखूच्या हंगामात रोकड जवळ असल्यामुळे मी पोलादी पिस्तूल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळगत असे. वजनाने मला कधी त्रास दिला नाही, पण घामाने दिला. एप्रिल-मे महिन्यांत सदरा भिजतो, तो खारट ओलावा ग्रिपच्या (मुठीवरच्या) पट्ट्यांखाली शिरतो आणि बाहेरून पिस्तूल लखलखीत दिसत असताना आतून गंज धरतो. मी पट्ट्या पहिल्यांदा उघडल्या तेव्हा खाली विटकरी रंगाची पूड होती आणि ती पुसल्यावर पोलादावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. ते खड्डे भरून येत नाहीत. त्यानंतर मी हलके पिस्तूल घेतले. नेम पूर्वीसारखा लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

काडतुसांबाबत एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरलाही .32 म्हणतात, पण ते लांब काडतूस वेगळे. तुमच्या पिस्तुलाला 7.65 मिमीचेच, म्हणजे पिस्तुलाचे .32 काडतूस, लागते. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी जाम होते. वरचे काडतूस नेहमी खालच्याच्या पुढे बसवावे.

हलग्याची सून

खंडेनवमीला पिस्तुलाची पूजा करत असाल तर ओले कुंकू थेट पोलादावर लावू नका. आमच्या सासऱ्यांच्या पिस्तुलावर हळद-कुंकवाची बोटे आणि झेंडूची फुले रात्रभर तशीच राहिली. दसऱ्याच्या सकाळी पुसली तेव्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर) बोटांच्या आकारात उडालेले होते. आता आम्ही पेटीची पूजा करतो. चामड्याच्या म्यानातही ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते.

जांबोटीकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. म्यानाचे वाचून मी चमकलो, कारण वडिलांनी पिस्तूल आजवर कोल्हापुरी चामड्याच्या म्यानातच ठेवले आहे. काल त्यांच्यासमोर मॅगझिन काढून, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ग्रिपच्या पट्ट्या सोडवल्या. उजवीकडे स्वच्छ होते. डावीकडे, जिथे म्यानाची शिवण टेकते, तिथे निपाणीच्या साहेबांनी वर्णन केलेली पूड सापडली, पण खड्डे अजून पडलेले नाहीत. तेलात भिजवलेल्या सुती कापडाने ती निघाली. आयात 1980 च्या दशकात बंद झाल्यामुळे असे पिस्तूल पुन्हा मिळणे कठीण आहे आणि मला ते घरातच ठेवायचे आहे, म्हणून विकण्याचा विचार सोडला आहे. आता ते तेलाचा हात लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कुलूपबंद लोखंडी पेटीत ठेवले आहे. स्प्रिंगांसाठी पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन बेळगावला येतो आहे. परवाना अजून त्यांच्याच नावे आहे.