केस वाढवताय? टोकं वेडीवाकडी? या, अनुभव लिहा

मंडळी, काल रात्री साडेअकराला मी कागद कापायची कात्री घेऊन बाथरूममध्ये आरशासमोर उभी होते. नवऱ्याने दार वाजवलं म्हणून केस वाचले. तीन वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नात हौसेने स्टेप कट केला, फोटोत भारी दिसला, आणि तेव्हापासून मी तो निस्तरतेय. वरची स्टेप हनुवटीला, खालची पाठीवर. आता वेणी घातली की जागोजागी केस बाहेर येतात, सासूबाई म्हणतात केरसुणी जुनी झाली की अशीच दिसते. (प्रेमाने म्हणतात. बहुतेक.)

उपाय नकोत हां. तांदळाचं पाणी झालं, कांद्याचा रस झाला, कांद्याने एवढंच झालं की आठवडाभर ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मला हे ऐकायचंय की हा मधला काळ, म्हणजे ना धड आखूड ना धड लांब, तुम्ही कसा काढलात. धीर सुटला असेल तर तेही लिहा.

*

स्टेप कटवाल्यांत मी सीनियर, म्हणून पहिला नंबर माझा.

मी दर तीन महिन्यांनी ट्रिम करायचे, कारण पार्लरवाल्या ताई म्हणायच्या कापल्याने केस वाढतात. मी सांगायचे दोन बोटं. ताईंची दोन बोटं म्हणजे मोजून दीड इंच. आता केस महिन्याला वाढतात साधारण अर्धा इंच, म्हणजे तीन महिन्यांत दीडच! म्हणजे चार वर्षं मी पैसे देऊन केस आहेत तिथेच ठेवत होते आणि घरी येऊन रडत होते की माझे केस वाढतच नाहीत. हा हिशोब माझ्या सातवीतल्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला, मला ओशाळल्यासारखं झालं. केस वाढतात मुळाशी, खाली टोकाला कात्री लागली हे मुळाला कळायची काही सोयच नाही.

पण म्हणून ट्रिम पूर्ण सोडू नका, तीही चूक केली मी. फाटे फुटलेलं टोक तसंच ठेवलं तर ते वर वर चिरत जातं, मग दोन बोटांच्या जागी वीतभर जातात. आता सहा महिन्यांनी एकदा, जेमतेम एक बोट, आणि बोट माझं.

आणि धागाकर्तीला, तुम्हाला लांबी नको असेल, सगळं एका रेघेत हवं असेल, तर तोच वेडा हिशोब कामाला येतो. खालचे जितके वाढतात तितकेच कापत राहायचं, वरच्या स्टेप्स येऊन पोचतात. दहा इंचाचा फरक असेल तर वीस महिने. लांबी की सरळ रेघ, एका वेळी एकच मिळतं, दोन्ही मागितलं की कात्री हातात येते.

*

पुरुषांनी लिहिलेलं चालतंय ना? नाही चाललं तरी लिहितोय.

मार्च २०२० ला सलून बंद झाली तेव्हा वाढवायला सुरुवात केली, म्हणजे केली काय, झाली. नंतर ठरवलं की कॅन्सर पेशंटच्या विगसाठी द्यायचे. ज्यांच्याकडे द्यायचे होते त्यांनी १२ इंच सांगितले. मला वाटलं १२ इंच म्हणजे दोन वर्षं, विषय संपला. तसं नसतं. शेपटी बांधून कापतात, त्यामुळे सगळ्यात आखूड बट १२ इंच पाहिजे, सगळ्यात लांब नाही, आणि कापून झाल्यावर डोक्यावर काहीतरी उरलंही पाहिजे. माझे मागचे मानेवरचे केस कधीच खांद्यावर आलेले आणि डोक्यावरचे अजून डोळ्यात. कारण साधं आहे, मानेवरचे केस खाली सुरू होतात, त्यांना खांदा जवळ. डोक्यावरच्यांना अख्खं डोकं उतरून यायचंय. पाहुणे विचारायचे तबला शिकतोस का. आजी म्हणाली याचं जावळ राहिलं होतं वाटतं. पुण्यात हेल्मेट काढल्यावर मी कसा दिसायचो ते सांगत नाही.

सगळ्यात वाईट काळ सहाव्या ते दहाव्या महिन्याचा. कानामागे जात नाहीत, रबरात येत नाहीत. तेव्हा आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी शहाणपणाची गोष्ट सांगितली, की वरचे हात लावायचे नाहीत, फक्त मानेवरचे आखूड करत राहायचे, वरचे येईपर्यंत. त्यांनी तेवढंच केलं आणि दर वेळी तीस रुपये घेतले. २०२३ च्या सुरुवातीला दिले एकदाचे. कापल्यावर मान इतकी हलकी झाली की दोन दिवस मी उगाच मागे हात नेऊन शेपटी शोधत होतो.

*

वाचतेय आणि हसतेय.

माझी वेगळीच तऱ्हा. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात केस जायला लागले. गरोदरपणात असले दाट झाले होते की मीच खूश, मग कळलं की तेव्हा गळायचे ते थांबून राहिलेले असतात आणि नंतर सगळे मिळून निघतात. बाळाच्या मुठीत माझे केस, दुपट्यात केस, एकदा तर वरणात. आणि मग कपाळावर नवे आले, ताठ, उभे, मोराच्या तुऱ्यासारखे. मुलाचं जावळ काढायला गेलो तेव्हा न्हावीदादांनी माझ्याकडे बघून विचारलं, ताईंचं पण आत्ताच काढलं का? 😭

आता मुलगा अडीच वर्षांचा आहे, ते नवे केस कुठे खांद्यापर्यंत आलेत, जुने कमरेला आहेत. त्यामुळे वेणी वर जाड आणि खांद्याखाली एकदम अर्धी. टोकं वाकडी नाहीत, मजलेच दोन आहेत. धीर वगैरे काही धरला नाही हो, आरशात बघायला वेळच नव्हता, तोच धीर.

*

डोंबिवली ते दादर, १४ वर्षं. माझे उजवीकडचे केस डावीकडच्यापेक्षा तीन बोटं आखूड. पार्लरमध्ये सरळ करून आणायचे, सहा महिन्यांत पुन्हा तेच. मला वाटायचं मी झोपते उजव्या कुशीवर म्हणून. शेवटी एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीने माझी पर्स खांद्यावरून उतरवताना सांगितलं, अगं तुझे केस पट्ट्याखाली अडकलेत. रोज! पर्स उजव्या खांद्यावर, डब्याच्या वजनासकट, वर गर्दीत कोणीतरी ती ओढतंय, केस खाली चिरडतायत. आता घरातूनच अंबाडा घालून निघते. क्लचर नको, लेडीज डब्यात मागचीच्या नाकाला लागतो आणि कुर्ल्यापर्यंत भांडण पुरतं.

दुसरं म्हणजे ओले केस विंचरणं बंद केलं. ओला केस जास्त ताणतो आणि तुटतो, आणि मी सकाळची ५.४० ची घाई म्हणून ओल्यातच खसाखसा. आता आदल्या रात्री धुते. सुटीच्या आदल्या रात्री खोबरेल. २००३ चा मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांचा पेपर आहे, त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल लावून बघितलं, केसातलं प्रोटीन कमी जातं ते फक्त खोबरेलने. आता पॅराशूटवालेच सांगतायत की खोबरेल चांगलं, पण आईही तेच सांगायची आणि ती काही विकत नव्हती. वाढत मात्र नाहीत हां तेलाने, तुटतात कमी, एवढंच. माझ्यासाठी तेवढंही खूप झालं, कारण माझे वाढत होतेच, टिकत नव्हते.

*

मी कापले. खांद्यापर्यंत. मस्त वाटतंय. बाकी चालू द्या.

*

वरच्या प्रतिसादाचा निषेध 😄

माझी आजी सावंतवाडीकडची. तिच्या आत्याचं लहानपणीच केशवपन झालेलं, ते आजीने पाहिलेलं, त्यामुळे तिने जन्मात स्वतःच्या केसांना कात्री लावू दिली नाही. कारण तिने कधी बोलून दाखवलं नाही, आईने सांगितलं. तिचा शेपटा गुडघ्याच्या वर चार बोटं. पण टोक? उंदराची शेपटी. शेवटच्या हातभरात मोजून वीस-पंचवीस केस असतील. मी शाळेत असताना तिला म्हटलं की आजी तुझे केस वाकडेतिकडे आहेत, पार्लरला जाऊया, तर म्हणाली, "सगळी रोपां येकदम वाढतत काय गो?"

खूप वर्षांनी माझे केस गळतात म्हणून स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते आजीचंच वाक्य, फक्त फी घेऊन. प्रत्येक केसाचं आपलं स्वतंत्र वेळापत्रक असतं. दोन ते सहा-सात वर्षं वाढतो, मग थांबतो, दोनतीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो, मग त्याच जागी नवा. दिवसाला ५० ते १०० गळणं हे नॉर्मल. म्हणजे डोक्यावर एकाच वेळी सहा वर्षांचाही केस आहे आणि सहा महिन्यांचाही, ते खाली एका रेघेत येतील कसे? सरळ रेघ ही कात्रीची असते, केसांची नव्हे. आणि ज्याची वाढच तीन वर्षं चालते त्याचे दीड फुटापुढे जाणार नाहीत, काहीही लावा. माझे जात नाहीत. आजीचे जायचे. जरा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

आजीचं टोक कोणाला दिसायचं नाही कारण ती सगळं अंबाड्यात आत घ्यायची आणि वर अबोलीचा वळेसर. उघडं सोडायची पद्धतच नव्हती. आपण मोकळे सोडतो, वर मागून फोटो काढतो, म्हणून आपल्याला टोकांचं दुःख.

*

आजीचं वाक्य फार आवडलं.

नागपूरहून. मला ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला, बरी झाले, आणि जानेवारीत केस असे जायला लागले की मोरीच्या जाळीवर रोज एक गोळा. मी शांपू बदलला, पाणी बदललं, बोअरचं सोडून नळाचं बादलीने भरून न्हायचे. तीन महिन्यांपूर्वीच्या तापाचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, आईला वाटलं कोणाची तरी नजर. डॉक्टर म्हणाल्या मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी असं होतंच, बहुतेकांचं सहा महिन्यांत थांबतं, तरी रक्त तपासू. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, अगदी तळाला निघालं. लोहाच्या गोळ्या झाल्या. थांबलं. आता डोक्यावर सगळीकडे बोटभर नवीन केस उभे आहेत आणि खाली जुने विरळ.

म्हणून मला इथे एकच सांगायचंय, धीर धरा हे ठीक आहे पण अचानक भसाभसा जात असतील किंवा पैशाएवढा गोल चट्टा पडला असेल तर धीर धरू नका, दाखवा. मी दोन महिने धीर धरत बसले ते फुकट गेले.

*

म्युनिकमधून. इथलं पाणी इतकं जड आहे की किटलीत पांढरा थर बसतो, केसांचं तर विचारू नका. आणि सलूनचे दर बघून मी नवऱ्याला कामाला लावलं. तो सिव्हिल इंजिनियर. पहिल्यांदा त्याने लेव्हल आणली. खरंच. बुडबुड्याची. तरी डावी बाजू वर गेली कारण मी मध्येच मान वळवून बघत होते काय करतोयस.

आता जमलंय. उभं राहायचं, मान सरळ, हनुवटी खाली नाही वर नाही, केस ओलसर पण निथळते नाहीत, आणि केस कापायचीच कात्री. धागाकर्तीबाई, ती कागदाची कात्री ठेवून द्या हो! बोथट कात्रीने केस कापला जात नाही, चेचला जातो, आणि तिथूनच फाटे फुटतात. मी मुलाच्या क्राफ्टच्या कात्रीने हा प्रयोग करून बसलेय.

*

कुरळेवाल्या कोणी आहेत का इथे? मला ओल्यात सरळ कापून दिले, वाळल्यावर एक बाजू कानाशी एक खांद्याशी. प्रत्येक बटेचा पीळ वेगळा, काही निम्म्याने वर जातात. आता सुकेच कापून घेते. टोकं सरळ आहेत का हे मला स्वतःलाही माहीत नाही आणि कोणाला कळतही नाही, हा एक फायदा.

*

लिहू की नको चाललं होतं.

माझी शेवटची केमो गेल्या वर्षी मेमध्ये झाली. आधी माझे केस कमरेपर्यंत, सरळसोट. जुलैमध्ये डोक्यावर लव आली, मी रोज हात फिरवायचे. आले ते कुरळे! आणि रंग पण वेगळा, राखाडीसर. नर्स म्हणाल्या होतं असं, पुढे बदलेलही. हेल्मेटवाल्या दादांनी लिहिलंय ते अगदी तसंच, मागे लांब पुढे आखूड, मुलगी म्हणते आई तू जुन्या क्रिकेटर लोकांसारखी दिसतेस. मी मागचे कापू देत नाहीये पण. शहाणपणाचं आहे कळतं, सलूनवाल्या काकांचं पटतंय, पण आत्ता एक केस कोणाला देणार नाही.

आरशावर मुलीने पेन्सिलीने खुणा केल्यात, महिन्याला एक, लहान मुलांची उंची भिंतीवर मोजतात तशा. काही महिने खूण हललेलीच दिसत नाही, मग ती म्हणते तू वाकून उभी होतीस.

परवा पहिल्यांदा रबर बसलं. दोन वेढे. तिसऱ्याला निसटलं.