अन्नपूर्णा सर्किट: ओझं आपल्या पाठीवर की पोर्टरच्या?

बालाघाटी (लातूर)
दसरा झाला की आम्ही चौघं नेपाळला अन्नपूर्णा सर्किटला, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालणाऱ्या ट्रेकला, निघायलोय. मनमाडला गाडी बदलून गोरखपूर, सुनौलीहून सीमा ओलांडून बेसीशहर, तिथून जीपने चामे. पुढं चालत पिसांग, मनांग, याक खर्का, थोरोंग फेदी, थोरोंग ला ही खिंड (५४१६ मीटर) आणि पलीकडं मुक्तिनाथ. घर ते घर १२ दिवस. सध्या वाद पेटलाय पोर्टरवरून. दोघं म्हणतात पोर्टर घेऊ. माझं मत सरळ आहे: वाटेत प्रत्येक गावात लॉज आहेत, तंबू नको, स्टोव्ह नको. सॅक नऊ-दहा किलोच्या वर जात नाही. तेवढं उचलायला माणूस लावायचा असेल तर मुक्तिनाथला जीपने जावं की. बोला.

खडकीपूर्णा (जालना)
शंभर टक्के सहमत. आपल्याकडचे वारकरी पताका, वळकटी घेऊन पंढरपूर गाठतात, त्यांना कोण पोर्टर देतो? सॅक स्वतःची असली की माणूस फालतू सामान आपोआप काढतो. पोर्टर आहे म्हटल्यावर हेअर ड्रायरसुद्धा सॅकमध्ये घुसतो. (हसू नका, पाहिलंय.)

अंबाजोगाईकर
वारी सपाटीवर असते हो. इथं फेदीहून खिंडीपर्यंत एका सकाळी साडेनऊशे मीटर चढ आहे आणि वर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. लगेच पलीकडं मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटर उतार. गुडघ्यांचं काय ते नऊ किलोच ठरवतात.

रानवाटा (संभाजीनगर)
मला 'स्वतःचं ओझं' ह्या अभिमानाचाच कंटाळा आलाय. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथल्या लोकांचा कमाईचा मोसम आहे. पोर्टरला काम दिल्यानं तुमचा ट्रेक बाटत नाही. अट एकच: दोघांत एक पोर्टर घ्या, पण त्याच्या पायात बूट, अंगावर जॅकेट आणि नावावर विमा आहे का ते निघण्याआधी बघा. चपला घालून बर्फात तुमची सॅक वाहणारा माणूस मात्र मलाही नको.

आणि गाईडबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाईड बंधनकारक केलाय. 'वाटेत कोणी विचारत नाही' हे इथं सांगू नका.

बालाघाटी
गाईडचा नियम मान्य, घेऊ. पण २०१४ ला गाईड असूनही माणसं गेलीच ना?

सोयाबीनवाला (औसा)
२०१४ चा विषय निघालाच आहे तर नीट बोलू. १२ ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचाच उरलेला ओलावा १४ तारखेला थोरोंगच्या आसपास हिमवादळ होऊन कोसळला. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात परदेशी ट्रेकर होते तसेच नेपाळी गाईड-पोर्टरही होते. बंगालच्या उपसागरातल्या असल्या सिस्टिमा आपल्याला नव्या नाहीत. ऐन काढणीत आभाळ येतं, बनीम (कापलेल्या सोयाबीनचा ढीग) झाकायला ताडपत्री पुरत नाही, शेंगेतच दाण्याला मोड येतात. तिथं तेच आभाळ बर्फ होऊन पडतं. त्यामुळं दसरा म्हणजे पाऊस संपला, हे गणित हिमालयात धरू नका. खळं उरकून दिवाळीच्या मागंपुढं निघा. थंडी जास्त लागेल, पण आभाळ सहसा मोकळं असतं.

खडकीपूर्णा
नोकरदाराला रजा दिवाळीतच, तेव्हा घरचे सोडत नाहीत. सगळ्यांकडं खळं नसतं भाऊ.

डॉक्टरीणबाई (नांदेड)
तुम्ही सगळे किलोवर भांडायलात आणि दिवसांकडं कोणी बघेना. मी हिशेब मांडते. लातूरहून बेसीशहर गाठायला तीन दिवस, परतीला तीन. उरले सहा. चामे २६७० मीटरवर, मनांग साधारण ३५००, याक खर्का ४०००, फेदी ४४५०. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशेपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर जास्तीचा काढावा, असा साधा नियम आहे. चामेला जीपमधून उतरलात तो दिवस, मग पिसांग, मनांग, मनांगलाच विश्रांती, याक खर्का, फेदी, खिंड. मोजा. सात झाले. म्हणजे १२ दिवसांत बसवायला तुम्ही मनांगची विश्रांती कापलेली आहे. आणि खिंडीखाली हवा बिघडली तर थांबायला एकही दिवस हातात नाही. माणसं सहसा ह्याच घाईत आभाळ बघूनही वर चढतात.

देवगिरीच्या पायऱ्या पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन चढा, पाय तयार होतील. पण फिटनेस आणि उंचीची सवय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पळणारा पोरगाही ४००० वर आडवा होतो. डोकं दुखतंय, मळमळतंय तर वर जायचं नाही. चालताना झोकांडी गेली किंवा बसल्याजागी दम लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरला विचारून, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. आणि ती घेतली म्हणून विश्रांतीचा दिवस वाचत नाही.

एवढं पाळा, मग पोर्टर घ्या नाहीतर हेलिकॉप्टर घ्या, मला फरक पडत नाही.

रानवाटा
हेलिकॉप्टरवरून आठवलं, विमा काढताना किती उंचीपर्यंत लागू आहे ते बघा. बऱ्याच पॉलिस्या खिंडीच्या खालीच संपतात. आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड ठेवा, नेपाळसाठी आधार ग्राह्य धरत नाहीत.

अंबाजोगाईकर
फेदीला रात्री पाण्याची बाटली आणि फिल्टर दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. फिल्टर एकदा गोठला की सकाळी वरून धड दिसतो, पण आतून निकामी झालेला असतो. पहाटे अंधारातच निघा. दिवस वर आला की खिंडीत वारा उभं राहू देत नाही.

बालाघाटी
बाईंचा हिशेब बरोबर आहे, मनांगचा दिवस मीच कापला होता. घरच्यांशी आणि साहेबांशी बोललो. आता १६ दिवस, निघायचं दिवाळीनंतर. गाईड घेणार, पोर्टर नाही, ह्यावर मी ठाम आहे. फक्त एका मित्राला एवढी रजा मिळेना, जागा एक रिकामी झाली.

रानवाटा
माझी रजा शिल्लक आहे, मी येते. पण माझी सॅक पोर्टरकडंच जाईल, आत्ताच सांगून ठेवते.