मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉल २५ मध्ये पर्ड्यू घेऊन बाहेरच्या मैदानावर जिंकायचं कसं?

वेस्टलाफायेतकर

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे आणि गेम खेळणारे कोणी आहेत का? ईए स्पोर्ट्सचा कॉलेज फुटबॉल २५ आलाय, १९ जुलै २०२४ ला सगळ्यांना मिळाला, मी शंभर डॉलरची डिलक्स एडिशन घेतली होती म्हणून मला थोडा आधी हातात आला आणि तेव्हापासून जेवण झालं की पीएस५ समोर बसतोय. गेम मनापासून आवडलाय, पण एका ठिकाणी सपशेल अडकलोय, मदत करा प्लीज.

थोडं मागचं सांगतो म्हणजे प्रश्न नीट कळेल. मी एमएस पर्ड्यू युनिव्हर्सिटीत केलं, वेस्ट लाफायेत, इंडियाना. २० ऑक्टोबर २०१८ ला रात्री रॉस-एड स्टेडियममध्ये आम्ही देशात दुसऱ्या नंबरवर असलेल्या ओहायो स्टेटला ४९-२० ने हरवलं, मी तेव्हा स्टुडंट सेक्शनमध्ये होतो, आमचाच एक विद्यार्थी टायलर ट्रेंट कॅन्सरशी लढत होता आणि त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की पर्ड्यू जिंकणार, शेवटी सगळं पब्लिक मैदानात उतरलं. त्या रात्रीपासून हा खेळ माझा झाला. पण गेम? गेमच नव्हता! ईएच्या याच मालिकेतला शेवटचा एनसीएए फुटबॉल १४ (एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची संघटना) आला जुलै २०१३ मध्ये, म्हणजे मी तेव्हा भारतात होतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये रूममेटच्या जुन्या एक्सबॉक्स ३६० वर तोच चालायचा, लोक दरवर्षी हाताने नवीन रोस्टर (खेळाडूंच्या याद्या) बनवून टाकायचे म्हणून तो अकरा वर्षं जिवंत राहिला.

बंद का पडला होता ते इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल. यूसीएलए कॉलेजचा जुना बास्केटबॉल खेळाडू एड ओबॅनन, त्याने एका गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू बघितला, नाव नाही पण बाकी सगळं तोच, आणि पैसे शून्य. २००९ मध्ये त्याने केस टाकली आणि २०१४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, या भांडणात फुटबॉलचा गेमही बंद पडला. मग १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसे घेता यायला लागले आणि गेमचा रस्ता मोकळा झाला. या वेळी ज्यांनी हो म्हटलं त्यांना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक कॉपी, आणि अकरा हजारांच्या वर पोरांनी हो म्हटलं. माझ्या मते ६०० कमीच आहेत, पण नावासकट खरी पोरं मैदानात दिसतात आणि त्यांना विचारून दिसतात हे फार बरं वाटतं.

आता फर्स्ट इम्प्रेशन. १३४ टीम आहेत, सगळ्यांची स्टेडियम, बँड, मॅस्कॉट, आणि समालोचनाला ख्रिस फाउलर आणि कर्क हर्बस्ट्रीट. मॅडन (ईएचाच एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा गेम) खेळून आलेल्या माणसाला हा गेम जास्त वेगवान वाटतो आणि मैदान जास्त मोकळं वाटतं. डायनेस्टी मोड (एकच टीम घेऊन सीझनमागून सीझन चालवायची) सुरू केला, अर्थातच पर्ड्यू. २०२३ च्या सीझनला आम्ही ४-८ (चार जिंकल्या, आठ हरलो) होतो आणि आता आमच्या बिग टेन गटात १८ टीम, ओरेगन वगैरे पण आलेत, म्हणजे सोपं नाहीच, पण दुसरी टीम घ्यायची इच्छाच होत नाही.

घरच्या मॅच बऱ्या जातात. विस्कॉन्सिनला, त्यांच्या कॅम्प रँडल स्टेडियममध्ये गेलो की सगळं फिसकटतं. थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार संधींपैकी तिसरी), सात यार्ड पाहिजेत, पब्लिक ओरडतंय, स्क्रीन अक्षरशः थरथरतो, मी प्ले (ठरलेली चाल) बघायला जातो तर रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) धावण्याच्या रेघा वेड्यावाकड्या दिसतात, कोण कुठे पळणार काही कळत नाही, एखाद्याचा रूट बदलावा म्हटलं तर त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह येतं म्हणजे त्याला ऐकूच गेलेलं नाही, तेवढ्यात प्ले क्लॉक संपत आलेलं असतं, घाईत स्नॅप (बॉल मागे देऊन प्ले सुरू), घाईत थ्रो, आणि बॉल त्यांच्या सेफ्टीच्या, म्हणजे सगळ्यात मागच्या डिफेंडरच्या हातात. दर वेळी हेच. आणि पुढे शेड्यूलमध्ये कोलंबसला ओहायो स्टेट आहे, लाखाच्या वर माणसांचं स्टेडियम, तिथे काय होणार?

तर विचारायचंय की, एक, हे इंटरसेप्शन (माझा पास त्यांनी झेलणं) थांबवायचे कसे, पासिंगचा तो नवीन मीटर मला जमत नाहीये. दुसरं, बाहेरच्या मैदानावर नेमकं काय करायचं. आणि तिसरं, तो जुना रूममेट आता डॅलसला असतो, त्याच्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे, आम्हाला एकत्र डायनेस्टी खेळता येईल का? सेटिंगमध्ये बरंच शोधलं, काही सापडलं नाही.

---

मिनेसोटाकर

वा, मराठीत या गेमवर धागा बघून इतका आनंद झाला की काय सांगू! आधी पासिंगचं बोलतो. सेटिंगमध्ये जाऊन पासिंग टाइप बघा, रिव्हॅम्प्ड पासिंग असेल. त्यात बटण किती वेळ दाबता त्यावर जोर ठरतो आणि मीटर निळ्या पट्टीत असतानाच सोडावं लागतं, पुढे गेलं की बॉल भरकटतो. गर्दीत, मागे डिफेंडर लागलेला असताना ते जमायला वेळ लागतो. पाहिजे तर सरळ क्लासिक करून टाका, टॅप केलं की उंच लॉब, दाबून धरलं की बुलेट, संपलं. काही लोक म्हणतील की खरी मजा नवीन मीटरमध्येच आहे, ती आहेच, पण आधी खेळ हाताला बसू द्या.

लेव्हल कुठली आहे? फ्रेशमनवर सगळंच जमतं आणि एकदम ऑल-अमेरिकनवर गेलं की डिफेन्स तुमचा थ्रो आधीच ओळखल्यासारखा येतो. मधली व्हर्सिटी घ्या. सगळ्यात अवघड हाइजमनचं नाव सध्या काढू नका.

आणि अजून एक, स्नॅपच्या आधी एका रिसीव्हरला मोशनमध्ये आडवा पळवा. त्याच्या मागे एखादा डिफेंडर पळत गेला तर बहुतेक वेळा मॅन कव्हरेज (प्रत्येक डिफेंडर एकेका माणसामागे), नाही गेला तर झोन (प्रत्येक जण आपापली जागा राखतो). एवढं कळलं तरी अर्धे चुकीचे थ्रो थांबतात. रेघा दिसल्या नाहीत तरी हे दिसतंच.

---

चौथा_डाउन

मी थोडं वेगळं सांगतो. तुम्ही कॉलेजचा गेम मॅडनसारखा खेळताय असं वाटतंय. पर्ड्यूला क्वार्टरबॅकचं (पास टाकणाऱ्या खेळाडूचं) माहेरघर म्हणतात हे मान्य, लेन डॉसन, बॉब ग्रीसी, ड्रू ब्रीझ तिघेही तिथलेच, पण म्हणून प्रत्येक थर्ड डाउनला पासच मारला पाहिजे असं नाही.

बॉल कुठून सुरू होतो ते ठरवणाऱ्या मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा, म्हणजे हॅश मार्क, त्यांच्यात कॉलेजमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच. म्हणजे बॉल एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला प्रचंड मोकळी जागा असते. तुम्हाला जे मैदान मोकळं वाटलं ना, त्यात याचा मोठा हात आहे. ऑप्शन प्ले (बॉल घेऊन पळायचं की दुसऱ्याला द्यायचा हे ऐनवेळी ठरवायचं) त्या रुंद बाजूला पळवा. अरुंद बाजूला पळवला तर बाउंड्रीच बारावा डिफेंडर होऊन बसते.

रीड ऑप्शन शिका, प्रॅक्टिस मोडमध्ये जाऊन शिका. ज्या डिफेन्सिव्ह एंडला (पुढच्या रांगेतल्या टोकाच्या डिफेंडरला) मुद्दाम ब्लॉक करत नाहीत फक्त त्याच्याकडे बघायचं, फिरकी गोलंदाजाचा हात बघतात तसं, बाकी सगळं विसरायचं. तो रनिंग बॅककडे (बॉल घेऊन पळणाऱ्याकडे) धावला तर बॉल क्वार्टरबॅकने ठेवायचा, तो जागेवर थांबला तर बटण दाबून धरायचं म्हणजे बॉल रनिंग बॅकला जातो. स्पीड ऑप्शन असेल तर एल१ ने पिच, म्हणजे बॉल बाजूच्या खेळाडूकडे. फक्त क्वार्टरबॅकला फार पळवू नका, या गेममध्ये वेअर अँड टेअर आहे, मार बसत गेला की तो शरीराच्या त्या त्या भागावर साठतो आणि चौथ्या क्वार्टरमध्ये नेमका थ्रो कमकुवत झालेला असतो. दोन-तीन यार्ड राहिले असताना डोकं खाली घालून घुसण्यापेक्षा स्लाइड करा.

---

ह्यूस्टनची_सून

मी टेक्सस ए अँड एमची आहे, आमचं काइल फील्ड या गेमच्या सगळ्यात अवघड मैदानांच्या यादीत पहिलं आहे, अलाबामा दुसरं, एलएसयू तिसरं आणि तुम्हाला जायचंय ते ओहायो स्टेट चौथं, म्हणून या विषयावर मला बोलू द्या 🙂

दादा, बाहेरच्या मैदानावर रेघा वाचायच्याच नाहीत. मी काय केलं सांगते, आठ-दहा प्ले निवडले आणि ते प्रॅक्टिसमध्ये इतके पळवले की कोण कुठे जाणार हे पाठ झालं. मग स्क्रीन हलू दे, रेघा वाकड्या होऊ दे, मला माहीत असतं की डावीकडचा स्लँट मारणार (तिरका आत पळणार) आणि टाइट एंड (लाइनच्या टोकाचा रिसीव्हर) पाच यार्डांवर वळणार. लाइनवर जाऊन रूट बदलायच्या भानगडीत पडू नका, जे ठरवायचं ते प्ले निवडतानाच ठरवा, म्हणजे क्लॉक पण पुरतो.

दुसरं म्हणजे हा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. खेळाडूचा कंपोजर (शांतपणा) कमी असेल तर जास्त होतो, नवख्या पोरांना जास्त, सीनियर क्वार्टरबॅकला कमी. रोड डॉग नावाची एक मेंटल एबिलिटी असते, ती कोणाला असेल तर बाहेरच्या मैदानावर तो कामाचा. आणि तिथलं पब्लिक गप्प करायचा एकच उपाय, सुरुवातीला त्यांना ओरडायला काही देऊच नका. पहिल्या ड्राइव्हला (बॉल आपल्याकडे असतानाच्या पहिल्या चढाईला) रन, रन, छोटा पास. लांबचा थ्रो नको. थर्ड अँड सेव्हन आलाच नाही पाहिजे, थर्ड अँड टू आला पाहिजे.

२०१८ च्या त्या मॅचचं वाचून अंगावर काटा आला. टायलर ट्रेंटची बातमी मी तेव्हा टीव्हीवर बघितली होती.

---

वेस्टलाफायेतकर

तिघांचेही मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री पासिंग क्लासिकवर टाकलं, लेव्हल व्हर्सिटी केली, थोडे प्ले पाठ केले आणि परत कॅम्प रँडल. काय फरक पडला! स्क्रीन हललाच, पण मला हलल्यासारखं वाटलं नाही. मोशनचं तर कमालच आहे, त्यांचा कॉर्नर माझ्या स्लॉट रिसीव्हरच्या मागे पळत गेला, मॅन आहे कळलं, लगेच क्रॉसिंग रूटवर थ्रो, वीस यार्ड. रीड ऑप्शन अजून कच्चं आहे, बघायचं त्या एंडकडे आणि डोळे जातात रनिंग बॅककडे, पण रुंद बाजूला पळवल्यावर यार्ड मिळतात हे शंभर टक्के खरं.

मॅच ओव्हरटाइमला गेली आणि तिथे हरलो. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये टचडाउन झाल्यावर मला एक्स्ट्रा पॉइंटची किक घेऊच दिली नाही, हा गेमचा बग आहे का?

---

चौथा_डाउन

बग नाही, कॉलेजचा खराच नियम आहे. दोघांनाही प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्ड लाइनवरून एकेक संधी. दुसऱ्या ओव्हरटाइमपासून टचडाउन झाला की दोन पॉइंटचाच प्रयत्न करावा लागतो आणि तिसऱ्यापासून तर ड्राइव्ह वगैरे काही नाही, आळीपाळीने फक्त दोन पॉइंटचे प्रयत्न. म्हणून गोल लाइनजवळचे दोन-तीन प्ले राखून ठेवायचे, आधी दाखवायचे नाहीत. तसंच कॅच घेताना एक पाय आत असला तरी चालतो, एनएफएलसारखे दोन लागत नाहीत, तेव्हा एंड झोनच्या कोपऱ्यात बिनधास्त टाका.

---

मिनेसोटाकर

डायनेस्टीचं राहिलंच. ऑनलाइन डायनेस्टीत ३२ जण खेळू शकतात, पण सगळे एकाच प्रकारच्या कन्सोलवर पाहिजेत. पीएस५ आणि एक्सबॉक्स एकत्र डायनेस्टी या गेममध्ये होत नाही. एकास एक साधी मॅच मात्र क्रॉसप्लेने (वेगवेगळ्या कन्सोलवरून) होते, म्हणजे डॅलसच्या मित्राबरोबर तुम्ही शनिवारी मॅच खेळू शकता, सीझन नाही. पीसीवर गेम आलेलाच नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद.

आणि रिक्रूटिंगमध्ये (डायनेस्टीत नवीन पोरं टीममध्ये आणताना) पर्ड्यूसारख्या टीमने फाइव्ह-स्टार पोरांमागे तास घालवू नयेत, ते ओहायो स्टेट आणि जॉर्जिया घेऊन जातात. बोर्डवर ३५ पोरं बसतात. इंडियाना, ओहायो, शिकागोकडची थ्री-स्टार शोधा, स्काउटिंग करा, ज्याच्यापुढे हिरवं जेम (दिसतो त्यापेक्षा चांगला असल्याची खूण) निघेल त्याला लगेच स्कॉलरशिप, आणि खरोखर पाहिजे असलेल्या मोजक्यांवरच आठवड्याचे पूर्ण तास लावा. सगळ्यांना थोडं थोडं देत बसलात तर एकही येत नाही.

---

वेस्टलाफायेतकर

एकत्र डायनेस्टी नाही हे वाचून वाईट वाटलं, आम्ही दोघांनी त्याच एका गोष्टीसाठी इतकी वर्षं वाट बघितली होती. त्याला फोन केला, आता शनिवारी रात्री साध्या मॅच खेळायच्या असं ठरवलंय.

पण मग इथल्यांना विचारतो, पीएस५ कोणाकोणाकडे आहे? ऑनलाइन डायनेस्टी मी उघडतो, आठवड्याला दोन मॅच, ईस्टर्न टाइमने रात्री साडेनऊनंतर, पोरं झोपली की. पर्ड्यू माझी. इंडियाना कोणी घेत असेल तर फार बरं होईल, ओल्ड ओकन बकेट या ट्रॉफीसाठी १९२५ पासून आम्ही त्यांच्याशी भांडतोय आणि ती मॅच कॉम्प्युटरविरुद्ध खेळायची नाहीये.

---

ह्यूस्टनची_सून

मी आहे, पण ए अँड एमच घेणार. आमच्याकडे सेंट्रल टाइम, मला चालेल.

---

मिनेसोटाकर

माझं मिनेसोटा. इंडियानासाठी ब्लूमिंग्टनला शिकलेला एक मित्र आहे, त्याला आत्ताच या धाग्याची लिंक पाठवली.