कॉफीवरचा गार फेस दोन मिनिटांत बसतो. नक्की काय चुकतंय?

अर्धाकप

बर्फाच्या कॉफीवर कॅफेत गार दुधाचा घट्ट फेस घालून देतात ना, कोल्ड फोम, तो घरी जमत नाहीये. पद्धत अशी: फुल क्रीम पिशवीचं दूध तापवून, साय काढून, फ्रिजमध्ये गार केलेलं, १०० मिली. त्यात एक चमचा साखर. स्टीलच्या पेल्यात, दोन सेलवर चालणाऱ्या हातातल्या फ्रॉदरने मिनिटभर फेटायचं. बुडबुडे येतात पण मोठाले. कॉफीवर ओतले की दूध खाली जातं आणि वर साबणाच्या पाण्यासारखी जाळी उरते. सायीचे बारीक कणही दिसतात.

कॉफी म्हणजे चिकोरीवाली फिल्टरची डिकॉक्शन, पाणी आणि बर्फ. दूध बदलू, यंत्र बदलू, की क्रीम घालू? अमूलचं फ्रेश क्रीम घरात आहे.

एसएनएफवाला

आधी दूध बदला, यंत्राचं नंतर बघू.

फेस उभा राहतो तो दुधातल्या प्रथिनांच्या जोरावर. बुडबुड्याभोवतीचा पातळ पापुद्रा त्यांचाच असतो, आणि फॅट तो पापुद्रा फोडतं. त्यातही साधारण १५ ते ३५ अंशांच्या मधलं दूध सर्वांत वाईट, कारण तेव्हा फॅट अर्धं घट्ट, अर्धं पातळ असतं. फ्रिजमधल्या ४-५ अंशांना ते बरंचसं गोठलेलं असतं, त्यामुळे त्रास कमी. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात दूध फार वेळ गार राहत नाही. पेला आधी १० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. दूध मात्र फ्रीजरमध्ये नको. बर्फाच्या कणांनी फॅटच्या थेंबांवरचं आवरण फाटतं आणि मोकळं फॅट फेसाला आणखी मारक.

आता पिशवीवरचे आकडे बघा. फुल क्रीम: फॅट ६%, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ९%. टोन्ड: ३% आणि ८.५%. डबल टोन्ड: १.५% आणि ९%. म्हणजे डबल टोन्डमध्ये फॅट चौथाई, पण प्रथिनं ज्यात मोजली जातात ते एसएनएफ फुल क्रीमइतकंच. फेसासाठी हे दूध निवडा. त्याहून पातळ म्हणजे स्किम्ड, त्याचा फेस सर्वांत उंच येतो, पण चवीला कोरडा लागतो.

घरी साय काढली की झालं, असं नाही. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलं असेल तर फॅट वर येतच नाही, दुधातच राहतं. साधं दूध असेल तर तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी साय उचला, मग चहाच्या बारीक गाळणीतून गाळा. ते कण सायीच्या पापुद्र्याचेच आहेत, ढवळून विरघळणार नाहीत.

आणि एक युक्ती: ६० मिली दुधाला सपाट एक टीस्पून स्किम मिल्क पावडर. एवढ्या दुधात प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम असतात, पावडरीने त्यात आणखी सुमारे १ ग्रॅमची भर पडते. आधी चमचाभर दुधात गुठळी न राहता कालवा, मग उरलेल्या दुधात घालून अर्धा तास फ्रिजमध्ये मुरू द्या. डेअरी व्हाइटनर मात्र घेऊ नका, त्यात साखर आणि फॅट दोन्ही असतं.

रवी_आणि_डेरा

वरच्याशी सहमत, पण फेटण्यातही चूक दिसतेय. मिनिटभर एकाच जागी फिरवलं तर मोठेच बुडबुडे येणार.

६० मिली दूध पुरे, फुगून दुपटीच्या आसपास होतं. अरुंद, उंच भांडं घ्या, दूध किमान ३-४ सेंमी खोल हवं. भांडं थोडं तिरकं धरा. पहिली ८-१० सेकंद फ्रॉदरची जाळी पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, म्हणजे हवा आत ओढली जाते. मग जाळी तळाशी न्या आणि १५-२० सेकंद तिथेच ठेवा. या टप्प्यात नवी हवा घ्यायची नाही, आहेत ते बुडबुडे बारीक करायचे. शेवटी भांडं ओट्यावर दोनदा आपटा आणि गोल फिरवा. वरचे मोठे बुडबुडे फुटतात आणि फेसाला ओल्या रंगासारखी चकाकी येते. चकाकी दिसली की थांबा.

सेल तपासलेत का? चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. दोन सेल म्हणजे ३ च्या जागी २.४ व्होल्ट, मोटर हळू फिरते आणि दाट दुधात अडखळते. नवे अल्कलाइन सेल घालून पाहा, मग नवीन यंत्राचा विचार करा.

पर्याय हवाच असेल तर फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याला जाळी असलेलं कॉफीचं भांडं, फ्रॉदरपेक्षा चांगली. भांडं एक तृतीयांशच भरा आणि दांडा २०-२५ वेळा झपाझप वरखाली करा. जाळी दर वेळी दुधाबाहेर येऊन परत आत गेली पाहिजे. मिक्सर जपून: छोट्या भांड्यात ५-५ सेकंदांचे तीन-चार झटके, जास्त नाही. त्या भांड्याच्या रबरी रिंगमध्ये चटणीचं तेल अडकलेलं असतं आणि तेवढंसं तेल फेस बसवायला पुरतं. रिंग काढून गरम पाण्याने धुवा, साबणही नीट निघू द्या. रवीने दुधाचा फेस होतो, पण भरड. क्रीमच्या मिश्रणाला मात्र ती छान.

पाकातली

साखरेबद्दल कोणीच बोललं नाही. दाणेदार साखर गार दुधात एवढ्या वेळात विरघळत नाही, तळाशी बसते. पाक करा: वजनाने साखर आणि पाणी समान, उकळी आली की बंद, पूर्ण गार झाल्यावरच वापरा. ६० मिली दुधाला १० मिली. गोडीपलीकडे त्याचं काम असं, की बुडबुड्यांमधलं पाणी दाट होतं आणि खाली उतरायला वेळ लागतो. २० मिलीच्या वर गेलात तर फेस जड होऊन वाहतो. दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याहून कमी मीठ घाला, चिकोरीचा कडूपणा मऊ होतो.

क्रीमचं: फ्रेश क्रीममध्ये फॅट २५%. ते एकटं कितीही फेटलं तरी केकवरच्या क्रीमसारखं उभं राहत नाही, त्याला ३० च्या वर फॅट लागतं. पण आपल्याला उभं करायचंच नाहीये. ४० मिली फ्रेश क्रीम आणि ४० मिली टोन्ड दूध, म्हणजे मिश्रण सुमारे १४% फॅटचं. १० मिली पाक, व्हॅनिलाचे दोन थेंब. हा फेस उंच होत नाही, सव्वा-दीडपट फुगतो, पण मखमली असतो आणि कॉफीत सावकाश धारा सोडत उतरतो. १५ सेकंद फेटा, बघा, लागलं तर आणखी ५. त्यापुढे गेलात तर दाणे पडतात, म्हणजे लोणी सुटायला लागलं. ते परत फेसाकडे वळत नाही. पोळीला लावा.

बेकरी सामानाच्या दुकानात व्हिपिंग क्रीम म्हणून मिळतं ते बहुतेकदा वनस्पती तेलाचं आणि आधीच गोड असतं. फेस टिकाऊ होतो, टाळ्याला तुपकट लागतो. वापरलंत तर पाक वगळा.

एसएनएफवाला

@पाकातली, इथे फॅट फेस मोडत का नाही हा प्रश्न कोणाला पडेल म्हणून: फॅट एवढं जास्त आणि थंड असलं की त्याचेच गोठलेले थेंब एकमेकांना चिकटून बुडबुड्यांना आधार देतात. अडचण मधल्या फुल क्रीम दुधाची आहे: प्रथिनांना त्रास देण्याइतकं फॅट, आणि स्वतः आधार देण्याइतकं नाही. अर्धाकप नेमके तिथेच अडकलेत.

अर्धाकप

डबल टोन्ड, पावडर आणि पाक यांनी फेस आला. बारीक आहे, चकाकतोय. पण ग्लासात घातल्यावर मधे खड्डे पडतात. शिवाय घरात एकाला दूध चालत नाही, त्याला काय?

रवी_आणि_डेरा

खड्डे बर्फाचे. खडे कॉफीच्या वर डोकावत असतील तर फेस त्यांच्यावर फाटतो. ३०० मिलीच्या ग्लासात ५-६ खडे, ५० मिली डिकॉक्शन, १०० मिली गार पाणी, आणि वर तीन बोटं जागा. खडे वर आलेच तर ते कमी करा, कॉफी नाही. डिकॉक्शन आधी फ्रिजमध्ये गार करा. गरम ओतलीत तर बर्फ वितळून कॉफी पाणचट होते आणि खालून ऊब लागून फेसही लवकर बसतो. फेस ओतू नका, चमच्याच्या पाठीवरून सोडा.

दुधाला पर्याय: बिनसाखरेचं सोया दूध गार असताना चांगलं फेसाळतं, प्रथिनं जवळपास गाईच्या दुधाइतकी असतात. ओटचं घेतलंत तर बरिस्ता लिहिलेलंच घ्या, त्यात तेल आणि आम्लता सांभाळणारे क्षार घातलेले असतात. साध्या ओटच्या किंवा बदामाच्या दुधाचा फेस टिकत नाही. नारळाचं दूध विसरा.

फेस करून ठेवता येत नाही, हे राहिलं. क्रीमचं न फेटलेलं मिश्रण झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, दर वेळी लागेल तेवढं फेटा. आणि फ्रॉदर काम झाल्या झाल्या पाण्याच्या पेल्यात ५ सेकंद फिरवा. जाळीत वाळलेलं दूध दुसऱ्या दिवशी खरवडूनच काढावं लागतं.