शब्द माहीत नसेल, काम तेच चाललंय
वर कुणीतरी म्हटलंय की कॉलेजात गिग इकॉनॉमी (कायम नोकरी नाही, सुटं काम करायचं नि तेवढेच पैसे घ्यायचे) म्हणजे काय ते कुणाला माहीतच नाही. शब्द माहीत नसेल हो, पण काम तेच चाललंय ना. आमच्या वर्गातला एकजण रात्री बारापर्यंत डिलिव्हरी करतो नि सकाळी शेवटच्या बाकावर पेंगतो, आणि त्याला शिकवणारे सर स्वतः सीएचबीवर (तासिका तत्त्वावर), म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे, मे महिन्यात भोपळा! उलट २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या तरी आहे, ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी होते. नीती आयोगाने २०२०-२१ सालासाठी ७७ लाख गिग कामगार धरलेत, २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील म्हणे. सरांनी परवा ई-श्रमबद्दल विचारलं तर दोनच हात वर, त्यातला एक त्या पेंगणाऱ्याचा.